मंडईचे पाच, सोमाजीचे तीन

मी भांडणारा माणूस आहे. लपवून उपयोग नाही. भंडाऱ्यापासून साकोलीपर्यंत कोणालाही विचारा. सायकलला पितळेची भांडी बांधून आठवडी बाजार करायचो, तेव्हापासून तोंड हेच माझं भांडवल. एखादी बाई घरची मोड, म्हणजे जुनी फुटकी भांडी, घेऊन यायची, पाण्याच्या नव्या गुंडावर बोट ठेवून म्हणायची, "ह्याच्यावर किती घेसान?" तिथून पुढं आम्ही एकमेकांचा उद्धार करायचो. ती दोनदा उठून जायची, मी दोनदा सायकल बांधायचो, आणि शेवटी दोघंही आपणच जिंकलो असं समजून घरी जायचो. सौद्याला समोर माणूस लागतो. त्याचा चेहरा वाचता आला पाहिजे, त्याला राग आणता आला पाहिजे.

आता जो धंदा करतो त्यात समोर माणूसच नाही. या वयात असा धंदा मी का धरला, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

धंद्याला नावही नाही. मी आपला 'पाट्या राखतो' म्हणून सांगतो. आजकाल प्रत्येक दुकानाला दोन पाट्या असतात. एक शटरवर, रंगवलेली. दुसरी फोनमधल्या नकाशावर. तिच्यावर दुकानाचं नाव, जागा, नंबर, उघडण्याची वेळ, फोटो आणि गिऱ्हाइकांनी दिलेले स्टार असतात. शटरवरची पाटी कोणी परस्पर रंगवली तर गावभर बोंब होईल. फोनवरची मात्र कोणीही, कुठूनही, बसल्या जागी बदलायला सुचवू शकतो, आणि कंपनीला पटलं तर ती बदलते. नंबर बदलतो, वेळ बदलते, दुकान 'कायमचं बंद' होतं, आणि मालक आत बसून चहा पीत असतो. त्याला पत्ताही नसतो. पीक उभं असताना शेतावर जागल करतात ना, तसंच हे काम आहे. रोज एक चक्कर मारायची. कोणी बांध कोरला का, कोणी ढोर घातलं का, बघायचं.

सानगडीतल्या एका खताच्या दुकानाची खूण एकदा तलावाच्या मधोमध गेली. दुकान तलावाच्या पारीजवळ, म्हणजे बांधाजवळ आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या भल्या माणसांनी ती खूण 'जरा अलीकडं घ्या', 'जरा पलीकडं घ्या' असं सुचवत सुचवत पाण्यात ढकलली होती. नागपूरचा नवा ड्रायव्हर खताची गाडी घेऊन आला, पारीवर उभा राहिला आणि मालकाला फोन करून म्हणाला, "भैया, आगे तो पानी है, दुकान किधर है?" मालक त्याला शिव्या देत होता, तो फोनला शिव्या देत होता, आणि दोघांनी मिळून मग मला दिल्या. खूण मी कोरड्या जमिनीवर आणली. पावसाळ्यात ती पुन्हा ओली झाली. कोणी केलं, कळलं नाही.

तुमसरच्या एका राइस मिलवाल्या शेटजींचा किस्सा वेगळा. मी पाटी राखण्याचं सांगायला गेलो तेव्हा त्यांनी मला खुर्चीही दिली नाही. "माह्या बापाच्या जमान्याची मिल हाये. मले तुमची पाटी कायले पायजे?" मी म्हटलं, "तुम्हाला नको असेल. पण ती आधीच आहे. तुम्ही नाही लावली, लोकांनी लावली." त्यांना ते खोटं वाटलं. पुढं कोणा लबाडानं त्या पाटीवर आपला नंबर टाकला आणि कोंडा घेणाऱ्या बाहेरगावच्या व्यापाऱ्यांशी मिलच्या नावानं सौदे करू लागला. व्यापारी मिलच्या फाटकाशी येऊन उभे राहिले, तेव्हा शेटजींनी मला गाडी पाठवून बोलावलं. खुर्ची दिली, वर थंड पाणी दिलं. नंबर दुरुस्त झाल्यावर म्हणाले, "बस, एवढंच काम होतं? हे त दोन बोटायचं काम हाये." मी म्हटलं, "हो शेटजी. तुमच्याकडंपण दहा बोटं होती." तेव्हापासून ते गिऱ्हाईक आहेत.

हे सगळं ठीक होतं. पण ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला ती रामटेकेताईंच्या पाटीची आहे.

सुजाताताई रामटेके साकोली-सानगडी रस्त्यावर मोटर वाइंडिंगचं दुकान चालवतात. विहिरीवरची, बोअरची मोटर जळली की तिची काळी पडलेली तार काढून नवी तांब्याची तार भरायची, वार्निश द्यायचं, सुकवायचं, फिरवून बघायचं. याला मोटर भरणं म्हणतात. आयटीआयला हे शिकल्या तेव्हा वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या. दुकानात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली जळक्या मोटरींची रांग आणि मध्ये स्टुलावर ताई. नवा शेतकरी दुकानात शिरला की पहिलं विचारतो, "मिस्त्री कुठी हाये?" ताई मान वर न करता म्हणतात, "बोला." तो पुन्हा विचारतो, "नाही, मिस्त्री?"

म्हणून त्यांना पाटीचं एवढं महत्त्व. त्या पाटीवर सोमाजी कापगते नावाच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा अभिप्राय होता. त्यांना टाइप करता येत नाही. फोनमध्ये बोलले आणि फोननं लिहिलं: 'बाई मोटर भरते मनून हासलो होतो. दोन हंगाम झाले, मोटर चालू हाये. हासलो ते चुकलं.' तो वाचून लाखांदूरकडून, पवनीकडून माणसं मोटर घेऊन यायची आणि मिस्त्री कुठे आहे, असं विचारायची नाहीत. ताई एकदा मला म्हणाल्या होत्या, "भाऊ, आयटीआयचं सर्टिफिकेट आतल्या खोलीत टांगलं हाये. बाहेर हे टांगलं हाये."

त्यांचे यजमान जयपाल यांचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा. मनाचा मोठा, तोंडाचा मोठा आणि कानाचा हलका माणूस. दिवाळीच्या आधी त्यांना फोन आला, "कंपनीतून बोलतो, तुमच्या दुकानाची तपासणी आहे, आलेला कोड सांगा." मी नशिबानं तिथंच होतो. जयपाल कोडचा पहिला आकडा बोलले आणि मी फोन हातातून ओढला. हा कोड दिला की पाटीची मालकी गेली. मग परत मिळवायला जन्म जातो. माझा पारा चढला. दुकानात चार गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यासमोर मी ओरडलो, "असंच चाललं तर मी नाही राखत तुमची पाटी! जाऊ द्या, मग पाहा काय होते ते!"

एवढंच बोललो. रागात माणूस बोलतो. भांड्यांच्या धंद्यात मी रोज यापेक्षा वाईट बोलायचो आणि लोक दुसऱ्या बाजाराला परत यायचे.

दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते हे इकडं सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, जत्रा, आणि गावाचा मान. लेकी, जावई, सोयरे, सारे येतात. दुपारी दंडार हे गावचं लोकनाट्य, दुकानं, पाळणे, आणि ज्याच्या घरी पाहुणा जेवला नाही त्याला घास जात नाही. ताईंच्या गावच्या मंडईला मी गेलो नव्हतो. रागात होतो.

मंडई झाल्यावर दोन-तीन दिवसांत ताईंची पाटी नकाशावरून गेली. खूण नाही, नंबर नाही, सोमाजीचा अभिप्राय नाही. जिथं दुकान होतं तिथं नुसता रस्ता दिसत होता.

मी सकाळच्या चकरेत ते पाहिलं आणि धावत गेलो. दुकानाशी पोहोचायच्या आधीच पानठेल्यावर एकानं विचारलं, "काहून जी, काढलीच ना पाटी शेवटी?" मला आधी समजेना. आत गेलो तर जयपाल. "भाऊ, राग आला होता त दोन झापडा मारायच्या होत्या. बाईच्या पोटावर कायले पाय देल्ला?"

"मी काही केलं नाही!"

"सारी पाटी तुमच्याच हातात होती. तुमीच मनलं, पाहा काय होते. आता पाहूनच राह्यलो."

मी ताईंकडं पाहिलं. त्या एका मोटरीतली जळकी तार ओढून काढत होत्या. मान वर केली नाही. जयपालचं बोलणं मी विसरलो असतो, पण ते त्यांचं मान वर न करणं अजून डोक्यात आहे. चार दिवसांत सानगडीच्या बाजारात झालं, 'चोपकरनं पाटी खाल्ली.' चोपकर म्हणजे मी. एवढ्या वर्षांत मी भावात वाकडं बोललो असेन, मापात कधी नाही. आणि हे माझ्या नावावर.

हंगाम तोंडावर होता. उन्हाळी धानाचे परे, म्हणजे रोपं, टाकायची वेळ आली की मोटरी दिवसरात्र चालतात आणि पटापट जळतात. ताईंचं वर्षाचं काम त्या तीन-चार महिन्यांत. तोवर पाटी परत आली नाही तर लांबचा शेतकरी दुसरीकडं जाणार, आणि जवळचा नवा येईल तो विचारणार, मिस्त्री कुठी हाये. हे मला समजत होतं. पाटी कोणी काढली हे मात्र समजत नव्हतं. कंपनीचा निरोप आला होता, त्यात एवढंच की 'नियमांचं उल्लंघन'. कोणता नियम, कोणी मोडला, कधी मोडला, काही नाही. मी उलट विचारलं. उत्तर आलं, तेच वाक्य, तसंच. एकदा तर मी रागानं मराठीतून लिहिलं की माणूस असशील तर समोर ये. त्याला उत्तर आलं, 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद.'

मग मी माझ्या अकलेनं चोर शोधला. साकोलीत दुसरं वाइंडिंगचं दुकान लांजेवारांचं. ताईंचं गेलं तर फायदा कोणाचा? मी तडक त्यांच्या दुकानात शिरलो आणि तोंड सोडलं. बाईच्या धंद्यावर उठलात, लाज नाही वाटत, वगैरे सगळं. लांजेवार हातात पाना घेऊन ऐकत राहिले. माझा दम संपल्यावर म्हणाले, "झालं?"

"झालं."

"अजी, माह्यीच पाटी मी कधी पाह्यली नाही. तिची कायले काढू? उलटे मीनं त तिले पाच स्टार देल्ले."

"तुम्ही?"

"मंडईत गेलो होतो ना, साळ्याच्या घरी. जयपाल माइकवर बोंबलत होता. सारेच दाबून राह्यले होते, मी बी दाबले. आता गावची बाई हाये, नाही कसं मनता?"

मी तिथंच बसलो. त्यांनी चहा मागवला. हळूहळू सगळं बाहेर आलं. दंडार सुरू व्हायच्या आधी जयपालनं माइक हातात घेतला होता. "मंडईले आलेल्या पाव्हण्यायनो! सुजाता तुमच्या घरचीच लेक हाये. फोन काढा, दुकानाचं नाव टाका, पाच स्टार दाबा! ज्याले येत नाही त्यानं बाजूच्याले द्या!" आणि अख्ख्या मंडईनं दाबले. जावयांनी, पाळणेवाल्यांनी, जिलेबीवाल्यांनी, ज्यांच्या घरी विहीरसुद्धा नाही त्यांनी. आपल्याकडं कोणाचं छप्पर चढवायचं असलं तर सारी गल्ली हात लावते, तसा सगळ्यांनी हात लावला. कंपनीच्या यंत्राला दिसलं ते असं: वर्षभरात मोजके अभिप्राय, आणि एका दुपारी, एका मैदानातून, स्टारांचा पाऊस. म्हणजे विकत घेतलेले. म्हणजे लबाडी. उडवा पाटी.

हा माझा तर्क आहे. कंपनीनं आजपर्यंत कबूल केलेलं नाही.

मी जयपालला जाऊन सांगितलं. त्यांना पटेना. "म्हणजे लोकायनं चांगलं केलं, त शिक्षा?"

"हो."

"आन् वाईट केलं असतं त?"

"एखाद्यानं एक स्टार दिला असता तर पाटी राहिली असती."

जयपाल म्हणाले, "भाऊ, हे तुमी आता घरी बसून रचलं." खरं सांगतो, मलाही ते बोलताना रचल्यासारखंच वाटत होतं.

पण ताईंनी पहिल्यांदा मान वर केली. "लांजेवारभाऊंनं खरंच पाच देल्ले?" म्हणाल्या. मी म्हटलं, हो. त्या थोडं हसल्या. "मंग परत आणा पाटी. कशी आणता ते तुमाले माहीत."

परत आणायची तर पुरावा द्यावा लागतो. विजेचं बिल पाठवलं. ते सासऱ्यांच्या नावावर. शटरवरची पाटी 'रामटेके मोटर वाइंडिंग', फोनवरची 'सुजाता मोटर रिवाइंडिंग'. यंत्राला ही तीन वेगळी माणसं वाटली. मग त्यांनी व्हिडिओ मागितला: रस्त्यापासून सुरू करा, पाटी दाखवा, आत जा, अवजारं दाखवा, काम करताना दाखवा, माणसांचे चेहरे नकोत. मी एका सकाळी ताईंना सगळी कामं बाजूला ठेवायला लावली. रस्त्यावरून चित्रण सुरू केलं आणि अख्खी गल्ली पाटीखाली येऊन उभी. पाटी वाचवायची आहे म्हटल्यावर कोण घरी राहणार? एक म्हातारी तर फोनकडं बघून हात जोडून म्हणाली, "साहेब, हे दुकान खरंच हाये जी." मी बोंबललो, "हटा! चेहरे नको!" तर सगळ्यांनी दुपट्ट्यानं तोंडं झाकली. दुकानापुढं तोंड बांधलेली गर्दी. बघणाऱ्याला दरोडाच वाटावा. तो व्हिडिओ नाकारला गेला. दुसरा मी नीट काढला, तोही नाकारला गेला. तिसरा पाठवला, त्याला काही उत्तरच आलं नाही.

हंगाम सुरू झाला. ताईंकडं जवळच्या गावांच्या मोटरी येत होत्या, लांबच्या नाही. मी रोज जायचो, रोज काही नाही म्हणून सांगायचो. एकदा त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमी येत नका जाऊ. तुमाले पाहून मले आठवण येते." तरी मी गेलो. होळी जवळ आली तेव्हा पुन्हा एक दिवस त्यांचं काम थांबवून चौथा व्हिडिओ काढला, त्यालाही उत्तर नाही.

होळीच्या सुमाराला एका सकाळी चकरेत पाहिलं तर पाटी जागेवर. त्या आठवड्यात मी काही पाठवलं नव्हतं, कोणाला काही लिहिलं नव्हतं. निरोप नाही, माफी नाही, कारण नाही. नाव आहे, नंबर आहे, खूण बरोबर दुकानावर आहे. फक्त अभिप्राय एकही नाही. मंडईचे गेले ते गेलेच, सोमाजीचाही गेला. बाहेर टांगलेलं सर्टिफिकेट कोणी काढून नेलं, अशी कोरी भिंत.

ताईंना दाखवलं. त्यांनी बोटानं खाली-वर करून पाहिलं, मग फोन परत दिला. "पवनीवाला फोन करन आता," म्हणाल्या, "पण इथी आल्यावर मिस्त्री मागन."

एकालाही काही दाबायला सांगायचं नाही, असा मी कानाला खडा लावला होता. जयपालला तर माइकसकट बजावलं होतं. त्यामुळे सोमाजी मोटर न्यायला आले तेव्हा मी गप्प बसलो होतो. त्यांनीच विचारलं, "अबे चोपकर, माह्यं लिहिलं कुठी गेलं? जवायाले दाखवाले गेलो त नाहीच."

"कंपनीनं काढलं."

"माह्यं? मी त खरं लिहिलं होतं."

"खरं-खोटं त्यांना दिसत नाही, सोमाजी."

म्हातारा चिडला. बाकावर बसला, फोन तोंडाशी धरला आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा बोलला, "बाई मोटर चांगली भरते. मिस्त्री बाईच हाये, दुसरा शोधू नका. यंदा सांगितल्या दिवशी देल्ली नाही, दोन चकरा झाल्या." आणि बोटानं स्टार दाबले. मी वाकून पाहिलं. तीन.

"सोमाजी, तीन?"

"तीन."

इतक्या महिन्यांनी माझ्यासमोर एक माणूस बसला होता. चेहरा होता, डोळे होते, राग येत होता. मी सरसावून बसलो. "मोटर कशी आहे? आवाज ऐका. मागच्या वेळी पाच होते ना? निदान चार करा."

"मागच्या टायमाले चक्कर नाही झाली."

"अहो, तो उशीर तिचा नाही. त्या दिवशी मी तिला काम थांबवायला लावलं, व्हिडिओ काढायचा होता. माझ्यामुळं झालं ते. तिचे काहून कापता?"

सोमाजींनी विचार केला. मला वाटलं, वळला. गुंडाच्या सौद्यात असा विचार करायला लागला की गिऱ्हाईक आपलं.

"तुह्यामुळं झालं?"

"माझ्यामुळं."

"मंग दाखव तुह्यी पाटी. तिथी कापतो."

माझी पाटी नाही. कधी लावलीच नाही. साऱ्यांच्या राखतो, माझी कुठंच नाही. जयपाल माझ्याबद्दल बाजारात जे बोलला तेही कुठं लिहिलेलं नाही, म्हणून ते काढून टाका असा अर्जही मला करता येत नाही. त्यानं ते अजून परत घेतलेलं नाही. यंदाच्या मंडईचं जेवायचं आवतण तेवढं पाठवलं आहे.

"नाही ना?" सोमाजी उठले. "मंग तिचेच तीन."

मी दारापर्यंत मागं गेलो, साडेतीनाचीही भाषा केली. म्हाताऱ्यानं मोटर बंडीत चढवली आणि बैल हाकलले. मागून ताईंचं हसणं ऐकू आलं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. "राहू द्या भाऊ," त्या म्हणाल्या, "तीन खरे हायेत."

मंडईनं दिलेले पाच पाच गेले. ते तीन अजून जागेवर आहेत. मी रोज सकाळी पहिली चक्कर तिथंच मारतो. का टिकले, विचारू नका.